पुण्यात डोकं थंड ठेवून गाडी कशी चालवावी: नव्यांसाठी

पुण्यात पहिल्यांदा गाडी घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "इथे जरा दांडगाई केल्याशिवाय पुढे सरकता येत नाही." दुसरा, "घाई करू नका, सगळ्यांना जाऊ द्या." दोन्ही देणारे वर्षानुवर्षं याच शहरात गाडी चालवत असतात आणि दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. पहिला मानला तर रोज संध्याकाळी डोकं ठणकतं. दुसरा मानला तर तुम्ही भलत्या जागी थबकता आणि मागचा येऊन आदळतो.

मी सोलापूरहून नोकरीसाठी इथे आले. आधी दुचाकी चालवली, मग चारचाकी. आता दोन्ही चालवते. इतक्या वर्षांत एकच गोष्ट पटली आहे: इथल्या रस्त्यावर सौजन्य म्हणजे दुसऱ्याला आपला अंदाज देणं. तुम्ही वळणार, थांबणार की निघणार हे समोरच्याला क्षणभर आधी कळलं की निम्मी भांडणं होतच नाहीत. वेग कमी-जास्त असणं हा त्यानंतरचा मुद्दा.

नुकतंच लायसन्स मिळालेले, गावाहून शिकायला-नोकरीला आलेले आणि काही वर्षं परदेशात राहून परतलेले, अशा तिघांसाठी हे लिहिते आहे. सगळ्यात जास्त त्रास तिसऱ्यांना होतो. त्यांना नियम पाठ असतात, पण इथल्या खाणाखुणा माहीत नसतात.

१. आधी कागद आणि गाडी

चौकात मामांनी, म्हणजे वाहतूक पोलिसांनी, हात केला की ज्याचे कागद जागेवर असतात तो शांत राहतो. एवढ्यासाठी तरी हे आधी उरकून घ्या.

- लायसन्स, आरसी (नोंदणीचा दाखला), विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला). डिजिलॉकर किंवा एमपरिवहन अ‍ॅपमधली प्रत चालते. गॅलरीतला फोटो दाखवून मात्र भागत नाही.
- शिकाऊ लायसन्स असेल तर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. ती लवकर उरकण्यापेक्षा मधल्या काळात हात बसू द्या.
- आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, पट्टा लावलेलं. मागे बसणाऱ्यालाही, आणि चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा.
- दोन्ही आरसे. "गाडी लावताना अडतात" म्हणून आरसे काढून ठेवणारे इथे पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागू नका. आरशात स्वतःचा चेहरा दिसत असेल तर तो बाहेरच्या बाजूला फिरवा. मागचा रस्ता दिसला पाहिजे.
- विमा कंपनीचा नंबर, पॉलिसीचा नंबर आणि घरच्या एकाचा नंबर कागदावर लिहून गाडीत. मोबाइल नेमका नको तेव्हा बंद पडतो.

गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवलेली असेल आणि ती इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असेल तर इथे नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) लागते. ती मिळवायला वेळ जातो, म्हणून सुरुवातीलाच अर्ज करा. आणि गाडीवर जुनी चलनं थकली आहेत का तेही ऑनलाइन पाहून घ्या. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर नक्कीच.

२. रस्ते पाठ करा, विशेषतः एकेरी

चिडचिडीचं मोठं कारण रस्ता चुकणं हे असतं. पुण्याच्या मध्यभागातले एकेरी रस्ते आधी डोक्यात बसले की निम्मा ताण जातो. जंगली महाराज रस्ता शिवाजीनगरकडून डेक्कनकडे येतो, फर्ग्युसन रस्ता डेक्कनकडून वर अ‍ॅग्रिकल्चर कॉलेजकडे जातो. शिवाजी रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे, बाजीराव रस्ता त्याच्या उलट. लक्ष्मी रस्ता अलका टॉकीजच्या दिशेने. एवढी जोडणी कळली की पेठांमधल्या गल्ल्या आपोआप जागेवर बसतात.

रविवारी सकाळी सातच्या आत बाहेर पडा आणि रोजचा रस्ता दोनदा चालवून बघा. डावीकडे कधी सरकायचं, कुठला खड्डा कुठे आहे, कुठल्या चौकात उजवीकडे वळायला बंदी आहे, हे तेव्हाच नीट दिसतं. दुचाकीवर जाताना नकाशा निघण्याआधी पाहा. हँडलला फोन लावून एक डोळा त्यावर ठेवून चालवणं फसवं आहे. चारचाकीत आवाज चालू ठेवा, पडद्याकडे बघू नका.

वळण हुकलं तर? सरळ पुढे जा. पुढचं वळण घ्या, यू टर्न शोधा. हुकलेल्या वळणासाठी भर रस्त्यात रिव्हर्स घेणं किंवा "एवढं शंभर मीटरच तर आहे" म्हणत राँग साइडने येणं, यातून होणारा ताप मोजता येणार नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने उलट्या दिशेने गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच धरलं आहे. सिग्नल तोडणं आणि चालवताना हातात फोन धरणंही त्याच रांगेत.

काही दिवस मात्र नकाशाही तुम्हाला वाचवू शकत नाही. आषाढी वारीच्या वेळी आळंदी आणि देहूहून पालख्या शहरात येतात, मुक्काम करतात, तेव्हा रस्ते टप्प्याटप्प्याने बंद होतात. गणपतीत लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर हे रस्ते संध्याकाळनंतर गाडीवाल्यांचे नसतात. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद. अशा दिवशी गाडी घरी ठेवून मेट्रो किंवा पीएमपीच्या बसने गेलं तर कोणाशीही भांडावं लागत नाही.

३. एका वेळी एकच सवय

"उद्यापासून शांतपणे चालवणार" हा संकल्प पहिल्या चौकापर्यंतच टिकतो. त्यापेक्षा एक आठवडा एकच गोष्ट धरा. पहिल्या आठवड्यात फक्त हॉर्न: अगदी गरज असेल तेव्हाच. दुसऱ्यात फक्त पुढचं अंतर. तिसऱ्यात फक्त इंडिकेटर, रस्ता रिकामा असला तरीही. बाकीचं तसंच राहिलं तरी चालेल.

एक छोटी युक्ती सांगते. हॉर्नच्या बटणावर खरखरीत चिकटपट्टीचा तुकडा लावा. अंगठा तिथे टेकला की बोटाला वेगळं लागतं आणि मध्ये अर्धा क्षण मिळतो. बहुतेक हॉर्न त्या अर्ध्या क्षणात विरतात. घरात शाळकरी मूल असेल तर त्याला मागे बसवून मोजायला सांगा. दया-माया नसलेला पर्यवेक्षक मिळेल.

सिग्नलला थांबलात की इंजिन बंद करा, गाडी न्यूट्रलला टाका, खांदे सैल सोडा. दात घट्ट आवळलेले आहेत हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळतं.

४. उशिराचा हिशेब एकदा कागदावर मांडा

समजा घर ते ऑफिस १२ किलोमीटर. सरासरी वेग ताशी २४ किलोमीटर पडला तर अर्धा तास लागतो. कट मारून, सिग्नल सुटायच्या आधी निघून, फटींतून घुसून तुम्ही ती सरासरी २७ वर नेलीत, जे भर रहदारीत सोपं नाही, तर वाचली साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. सातारा रस्त्यावर बालाजीनगरला तुम्हाला घासून पुढे गेलेला पद्मावतीच्या सिग्नलला तुमच्याच शेजारी उभा असतो. एकदा हे बघायची सवय लागली की मजा येते.

दहा मिनिटं आधी निघणं हा या लेखातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी सल्ला आहे. हिंजवडीला जाणाऱ्यांना जमत असेल तर ऑफिसशी बोलून वेळच अर्धा-पाऊण तास पुढे-मागे करून घ्या. तिथे वेग आपल्या हातात नसतोच, निघायची वेळ असते.

५. पुढची मोकळी जागा सोडा, आणि ती भरली तर भरू द्या

ताशी ४० ने जाताना गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, ६० ने जवळजवळ १७. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद सहज जातो. त्यानंतर ब्रेक लागायला लागणारं अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होतं. म्हणून पुढच्या गाडीपासून कमीत कमी दोन सेकंदांचं अंतर हवं, पावसात त्याच्या दुप्पट.

मोजायचं कसं? पुढची गाडी एखाद्या विजेच्या खांबापाशी पोचली की मनात सावकाश "गणपती बाप्पा मोरया" म्हणा. ते संपायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात.

यावर प्रत्येक जण म्हणतो, "पण अंतर सोडलं की लगेच कोणीतरी घुसतं!" घुसतंच. दुचाकी घुसते, रिक्षा घुसते, मग त्यांच्यामागे अजून एक. त्यांच्यामागे पुन्हा तेवढंच अंतर सोडा. एक गाडी घुसली म्हणजे तुमचे दोन सेकंद गेले. वाटेत दहा जण घुसले तरी वीस सेकंद. वीस सेकंदांसाठी ऊर बडवून घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

थांबतानाही हेच. पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं मागे थांबा. चढावर पुढची रिक्षा निघताना हातभर मागे येते, आणि पुढची गाडी बंद पडली तर तुम्हाला बाजूने निघायला जागा राहते.

६. हॉर्न, डिपर, इंडिकेटर: इथली भाषा

परदेशातून आलेले इथेच सगळ्यात जास्त गोंधळतात.

डिपर. बाहेर काही देशांत समोरच्याने हेडलाइट लुकलुकवला की "तुम्ही जा" असा अर्थ होतो. इथे त्याचा अर्थ नेमका उलटा, "मी येतोय, थांबा." दिवा चमकला म्हणून गाडी पुढे काढाल तर समोरासमोर याल. आणि रात्री समोरून गाडी येत असताना अप्पर वरून खाली करणं हे फुकटचं सौजन्य आहे. शहरात तर अप्परची गरजच नसते.

ट्रकचा उजवा इंडिकेटर. महामार्गावर मागून येणाऱ्याला कधी "ओव्हरटेक करा" म्हणूनही देतात, कधी खरंच उजवीकडे वळण्यासाठी. दोन्हीतला फरक दिव्यावरून कळत नाही. ट्रकच्या पुढचा रस्ता तुमच्या डोळ्यांना दिसेपर्यंत त्यावर विश्वास ठेवू नका.

चारही दिवे. चौकातून सरळ जायचं म्हणून किंवा पाऊस आला म्हणून चारही इंडिकेटर लावून चालणारे बरेच दिसतात. बाजूने बघणाऱ्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि तो समजतो की तुम्ही वळताय. शिवाय खरंच वळायचं झालं तर सांगणार कसं? ते दिवे बंद पडून उभ्या असलेल्या गाडीसाठी आहेत. पावसात साधा हेडलाइट पुरतो.

दुचाकीचा इंडिकेटर. बहुतेक दुचाकींवर तो आपोआप बंद होत नाही. कर्वे रस्त्यावर एखादी स्कूटर उजवा दिवा लावून डेक्कनपर्यंत जाते आणि मागचे सगळे तिच्या वळण्याची वाट पाहत राहतात. वळलात की बंद करा.

रिक्षावाल्या काकांचा बाहेर आलेला हात, कधी नुसती दोन बोटं, कधी चक्क पाय. नियमावलीत शोधू नका, पण ती खूण आहे आणि ती मानायची. कुठल्या बाजूने आली तेवढं बघा.

आता हॉर्न. घाटातलं आंधळं वळण, आरशात न बघता मागे येणारी गाडी, मोबाइलमध्ये डोकं घालून रस्ता ओलांडणारा, अशा ठिकाणी तो हवाच. एकदा, छोटा, वेळेआधी. सिग्नलला तीन आकडे उरलेले असताना मागून वाजवलेल्या हॉर्नने आजवर एकही सिग्नल लवकर सुटलेला नाही. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, तिथे वाजवायचाच नाही. रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीतही नाही. उगाच वाजवत राहिलात तर मोटार वाहन कायद्यात पहिल्या वेळी १,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

मागून कोणी सारखा वाजवत असेल तर? त्याला दाखवण्यासाठी मुद्दाम हळू होऊ नका. जागा मिळाली की डावीकडे सरका, जाऊ द्या. वाजवणारा मागे राहिला तर तो तुमच्या डोक्यात बसतो. पुढे गेला की दुसऱ्या कोणाच्या तरी.

७. चौकात काय करायचं

खरी परीक्षा इथे, म्हणून जरा सविस्तर.

*थांबण्याची रेघ.* झेब्राच्या आधी एक रेघ असते. पुढचं चाक तिच्या मागे. तुम्ही झेब्रावर उभे राहिलात की चालणारा माणूस तुमच्या बोनेटला वळसा घालून चौकाच्या मध्यात जातो. मागचे "पुढे घ्या की" म्हणून हॉर्न वाजवतील. वाजवू द्या.

*डावीकडचं 'फ्री लेफ्ट'.* लाल असताना डावीकडे वळायला सगळीकडे मुभा असते असा एक पक्का गैरसमज आहे. जिथे तशी पाटी किंवा हिरवा बाण आहे तिथेच ती मुभा. तिथेही आधी चालणारा, मग तुम्ही. आणि सरळ जायचं असेल तर अशा चौकात डाव्या कडेला जाऊन उभे राहू नका. मागे वळणाऱ्यांची रांग लागते आणि सगळा राग तुमच्या पाठीवर येतो.

*हिरवा लागला तरी.* पलीकडे जागा नसेल तर चौकात शिरायचं नाही. पेठांमधल्या चौकांत संध्याकाळी एक गाडी आडवी अडकली की चारही बाजू कुलूपबंद होतात. सिग्नल हिरवा असून थांबलेला माणूस मागच्यांना वेडा वाटतो. हात खिडकीबाहेर काढून पुढची तुंबलेली रांग दाखवा.

*सिग्नल नसलेला चौक.* मुख्य रस्त्याला आधी मान. दोन्ही रस्ते सारखेच असतील तर उजवीकडून येणाऱ्याला. गोल चौकात आत असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. लोक पाळतात का? फारसे नाही. पण तुम्ही थांबणार की निघणार हे स्पष्ट दिसू द्या. अर्धं पुढे, अर्धं मागे असं डोलत राहणाऱ्या गाडीपेक्षा नीट थांबलेली गाडी बरी.

*पायी चालणारे.* इथे चांगल्या मनाची माणसंच घोटाळा करतात. तुळशीबागेपाशी एखाद्या आजी रस्त्याच्या कडेला उभ्या दिसतात, तुम्हाला दया येते, तुम्ही करकचून ब्रेक मारता आणि हाताने "या, या" करता. आजी तुमच्यावर विसंबून निघतात. तुमच्या शेजारून आलेल्या दुचाकीवाल्याला तुम्ही का थांबलात हे दिसतच नाही. आजी त्याच्यासमोर येतात.

म्हणून आधी आरसा बघा. लांबूनच वेग कमी करा, ब्रेक दोनदा हलका दाबा म्हणजे मागचा दिवा लुकलुकेल. दुचाकीवर असाल तर उजवा हात बाहेर काढून तळवा खाली-वर करा. झेब्राच्या अलीकडे पूर्ण थांबा. आणि हाताने बोलवू नका. शेजारच्या लेनची हमी तुम्ही देऊ शकत नाही. थांबलेली गाडी पुरेशी आहे, आजी स्वतः बघून ठरवतील. झेब्रा नसलेल्या भरधाव रस्त्यावर मध्येच थांबण्यापेक्षा वेग एकसारखा ठेवणं पायी चालणाऱ्यालाही सोपं जातं. तो तुमच्या वेगाचा अंदाज घेऊनच पाऊल टाकत असतो.

८. बस, डंपर, अ‍ॅम्ब्युलन्स

थांब्यावर उभ्या बसच्या डाव्या बाजूने कधीही जाऊ नका, फट कितीही मोठी दिसली तरी. लोक त्याच बाजूला उतरतात. बस थांब्यावरून निघताना उजवा दिवा दाखवत असेल तर तिला निघू द्या. आत पन्नास माणसं आहेत, तुमच्या गाडीत बहुधा एक.

डंपर आणि काँक्रीट मिक्सर यांच्याशी सौजन्य म्हणजे लांब राहणं. त्याच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. चौकात त्याच्या डाव्या कुशीला उभं राहणं सगळ्यात वाईट; तो वळताना मागची चाकं आतून येतात.

अ‍ॅम्ब्युलन्स ऐकू आली की इंडिकेटर देऊन कडेला सरका. घाबरून जागच्या जागी थांबू नका. मुद्दाम वाट अडवली तर कायद्यात १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. आणि ती पुढे गेली की तिच्या मागे लागून वाट काढणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही, छापण्याजोगं नाही.

९. कोणी अंगावर आलं, किंवा धक्का लागला

पुण्यात शिवी नंतर येते, आधी टोमणा येतो. "काय काका, रस्ता विकत घेतलाय का?" किंवा "गाडी चालवता की विमान?" याला तोडीस तोड उत्तर सुचणं हीच मोठी अडचण आहे, कारण सुचलेलं उत्तर गिळवत नाही. गिळा. चूक कोणाचीही असो, तळवा वर करून "राहू द्या दादा" म्हणा आणि निघा. खिडकी खाली करू नका, गाडीतून उतरू नका, पाठलाग तर अजिबात नको. फारच अंगावर येत असेल तर वर्दळीच्या जागी, पेट्रोल पंपावर किंवा पोलीस चौकीपाशी थांबा आणि ११२ ला फोन लावा.

याच शहरातले लोक अनोळखी बाईला चालत्या गाडीवरून "ताई, स्टँड!" म्हणून ओरडून सांगतात, "ओढणी सांभाळा" म्हणतात, आणि आभाराची वाटही न बघता निघून जातात. तुम्हीही सांगत जा. इथलं जे सौजन्य आहे ते असं आहे, जरा खेकसून केलेलं.

धक्का लागलाच तर:

- आधी कोणाला लागलंय का बघा. लागलं असेल तर १०८.
- मार किरकोळ असेल तर गाड्यांचे, नंबरप्लेटचे, जागेचे फोटो काढा आणि गाड्या कडेला घ्या. रस्ता अडवून वाद घालत बसलात की मागचे शंभर जण तिसरा पक्ष होतात.
- कोणी जखमी असेल तर उपचार मिळवून देणं आणि लवकरात लवकर, फार तर २४ तासांत पोलिसांना कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जमावापासून जिवाला धोका असेल तर थेट पोलीस ठाणं गाठा. कायद्यानेही जमावाच्या रोषाची परिस्थिती लक्षात घेतली आहे.
- "हजार द्या, विषय संपवा" हा सापळा असतो. पैसे दिले तरी विषय संपतोच असं नाही. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा.
- दुसऱ्याचा अपघात दिसला आणि मदत केलीत तर घाबरू नका. सद्हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नसते.

१०. पाऊस, उतार, घाट

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं आणि दुचाकी घसरतात. पांढरे पट्टे, चेंबरची झाकणं आणि पुलांवरच्या लोखंडी जोडपट्ट्या तेव्हा साबणासारख्या होतात. त्यांवर ब्रेक नको, वळणही नको. डबकं दिसलं की वेग कमी करा. खाली खड्डा असू शकतो आणि शेजारी चालणारा माणूस असतोच.

मुंबई-बेंगळुरू महामार्गावर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार नव्यांनी विशेष सांभाळावा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले किंवा ब्रेक तापून निकामी झालेले जड ट्रक तिथे गाड्यांवर आदळण्याचे प्रकार वारंवार झाले आहेत. पाटीवरची वेगमर्यादा पाळा, आरसा सतत बघा, ट्रकच्या नेमकं पुढे राहू नका. तुम्हीही गियरमध्येच उतरा.

दिवे घाट, ताम्हिणी, वरंधा इथे अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. उतरणारा थांबतो. चढणाऱ्याला पुन्हा गाडी उचलणं अवघड जातं, म्हणून हा नियम आहे.

११. गाडी लावताना

मध्यवर्ती भागातल्या अनेक रस्त्यांवर पी-१, पी-२ अशा पाट्या दिसतील. विषम तारखेला पी-१ च्या बाजूला, सम तारखेला पी-२ च्या. रात्री लावून ठेवलेली गाडी सकाळी तारीख बदलल्यामुळे उचलली जाते, हा नव्यांचा ठरलेला अनुभव.

दार उघडताना डाव्या हाताने उघडा. उजव्या बाजूचं दार डाव्या हाताने उघडायला गेलं की अंग आपोआप वळतं आणि मागून येणारी सायकल दिसते. मागे बसलेल्यांना डाव्या बाजूनेच उतरायला सांगा.

"पाच मिनिटांत येतो" म्हणून डबल पार्किंग करायचं नाही, मिसळीसाठी तर नाहीच. ती पाच मिनिटांत कधी येत नाही. नाइलाजाने कोणाच्या गाडीमागे लावावी लागली तर काचेवर मोबाइल नंबर लिहून ठेवा, फोन आला की प्रश्न न विचारता जा आणि गाडी काढा. आणि एखाद्या फाटकावर "समोर गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" अशी पाटी असेल तर ती विनोद समजू नका. हवा खरंच सोडतात.